निदान : त्वचेचा आजार

त्वचेच्या बायोप्सीबरोबर पॅथॉलॉजीत जो फॉर्म येतो त्यावर 'क्लिनिकल माहिती' नावाचा एक रकाना असतो. तिथे काय लिहायचं हे कुठल्या कायद्याने ठरवलेलं नसल्यामुळे डॉक्टरांच्या कल्पकतेला त्यात मोकळं रान मिळतं. कुणी लिहितं, 'स्किन लिजन'. म्हणजे त्वचेवर काहीतरी आहे. काहीच नसतं तर त्वचा कापली नसती, एवढा अंदाज आम्हालाही असतो. कुणी 'रॅश' एवढं लिहून थांबतं. कुणी 'एचपीईसाठी पाठवणे', म्हणजे मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवणे, असं लिहितं. ते वाचून वाटतं की फॉर्म आमच्यासाठी नसून लिहिणाऱ्याने स्वतःलाच करून दिलेली आठवण आहे. एकदा निदानाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आलं होतं. मोठं, डौलदार, दोनदा गिरवलेलं. एवढी मेहनत त्याने अक्षरांवर घेतली असती तर एक अख्खा शब्द झाला असता.

त्वचेचा तुकडा काढायचा नेहमीचा पंच चार मिलिमीटरचा. गोल पात्याचं हे हत्यार न्यूयॉर्कच्या एडवर्ड कीज यांनी १८८७ साली जगापुढे ठेवलं आणि त्यात आजवर फारसा बदल करावा लागलेला नाही. मोठ्या माणसाची त्वचा पसरली तर दीड-पावणेदोन चौरस मीटर भरते. हिशेब केला तर आमच्या हाती येतो तो तिचा साधारण सव्वा लाखावा भाग. तो रात्रभर मशिनमध्ये फिरतो, मेणात बसतो, मग त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप निघतात. एका केसाच्या जाडीत असे पंधराएक सहज मावतील. हेमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. या जांभळ्या-गुलाबी ठिपक्यावरून माणसाला काय झालंय ते आम्ही सांगायचं. आणि उरलेला सगळा माणूस ज्याने समोर बसवून पाहिला, त्याने लिहिलंय 'स्किन लिजन'.

मायक्रोस्कोपखाली सगळं दिसतं अशी लोकांची समजूत आहे. बऱ्याच डॉक्टरांचीही आहे. ज्योतिषीसुद्धा पत्रिका मांडायच्या आधी जन्मतारीख, वेळ आणि गाव विचारतो, आणि ते न सांगता नुसतं भविष्य मागणाऱ्याला उठवून लावतो. आम्हाला ती सोय नाही. तुकडा आला की रिपोर्ट गेला पाहिजे.

खरी अडचण त्वचेची आहे. आजार तिला शेकड्यांनी होतात, पण बिघडण्याच्या तिच्या तऱ्हा मोजक्याच. वरच्या थरात पाणी शिरतं, नाहीतर तो जाड होतो, नाहीतर त्याच्या खालच्या हद्दीवर पेशींची गर्दी जमते. फोड येतो, ग्रॅन्युलोमा बनतो, रक्तवाहिन्या सुजतात. थोडं इकडेतिकडे, पण यादी एवढीच. हे नमुने ओळखत निदानापर्यंत जाण्याची वाट ए. बर्नार्ड अ‍ॅकरमन यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथात आखून दिली आणि आम्ही सगळे तिच्यावरूनच चालतो. पण नमुना कळला म्हणजे आजार कळला असं नाही. हद्दीवर लिम्फोसाइटची पट्टी दिसते आहे, असं धरा. मनगटावर जांभळट, चपटे, खाजरे उंचवटे पुष्कळ असतील तर लायकेन प्लेनस. छातीवर एकच असेल तर लायकेनसारखी दिसणारी केराटोसिस, जिच्यासाठी कुणी झोप उडवून घेऊ नये. ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाल्यावर अंगभर उठलं असेल तर औषधाची रिअ‍ॅक्शन. रोग्याचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं असेल तर दात्याच्या पेशींनी केलेला हल्ला. चारही स्लाइड नाव झाकून समोर ठेवल्या तर मी पैज लावणार नाही. 'एक' की 'अनेक' एवढा शब्द फॉर्मवर असता तरी निम्मं काम झालं असतं.

आमचा फॉर्म मुळात कोणासाठी छापला गेला हे गूढ आहे. त्यावर शेवटच्या मासिक पाळीची तारीख विचारली आहे. गर्भाशयाच्या बायोप्सीला ती लागते हे खरं, पण फॉर्म सगळ्यांना एकच. त्यामुळे सत्तरीच्या आजोबांच्या फॉर्मवर त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' लिहिलेलं असतं आणि तुकडा शरीराच्या कुठल्या भागाचा, ही जागा कोरी. पुढे संगणक आला. त्याने 'क्लिनिकल माहिती' सक्तीची केली, रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. पहिल्याच आठवड्यात कुणालातरी शोध लागला की टिंब दिलं तरी चालतं. आता सर्व रोग्यांची क्लिनिकल माहिती एक टिंब अशी असते. संगणकाचं समाधान होतं.

जागा कोरी असली की मी फोन करते. हे संवाद साधारण असे चालतात.

"पॅथॉलॉजीतून बोलतेय. सकाळी आलेला पंच कुठला आहे?"

"मॅडम, आमच्याच वॉर्डचा."

"वॉर्डचा नाही रे, शरीराचा. कुठून काढलाय?"

"एक मिनिट हं मॅडम." मागे कुजबुज. बारा नंबर, बारा नंबर. "मॅडम, पेशंट घरी गेला."

"काढला कोणी?"

"पंच फर्स्ट इयरने घेतला, टाका इंटर्नने घातला. फॉर्म कोणी भरला ते विचारून सांगतो."

"बरं, तुझं काय मत होतं पेशंट बघून?"

"मॅडम, मला स्किन लिजनच वाटलं."

यात त्या पोराचा फारसा दोष नाही. ओपीडीत रांग दारापर्यंत. ज्या सरांनी रोग्याला पाहिलं, बोटाने चाचपलं, 'याची बायोप्सी घ्या' म्हटलं, त्यांच्या डोक्यात तीन निदानं क्रमवार तयार असतात. ती डोक्यातच राहतात. फॉर्म खाली उतरत उतरत अशा माणसाकडे पोचतो ज्याने रोग्याची फक्त पाठ पाहिलेली असते, तीही दाराबाहेर पडताना. पाहिलं त्याने लिहिलं नाही आणि लिहिलं त्याने पाहिलं नाही, अशी ही कामाची वाटणी आहे.

गंमत म्हणजे सगळी माहिती पॅथॉलॉजीच्या खिडकीपर्यंत चालत येते. बाटली आणतो तो रोग्याचा मुलगा. काळ्या पिशवीत गुंडाळलेली बाटली पुढे करत तो सांगायला लागतो, "हे आमच्या बाबांचं. तीन वर्षं झाली. आधी नडगीवर होतं, आता मांडीपर्यंत आलंय. पावसाळ्यात वाढतं. आधी गावच्या वैद्याचा लेप लावला, मग मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, तिने आठ दिवसांत जायचं आणि परत यायचं. शुगर आहे. आणि मॅडम, त्या जागी मुंगी चावली तरी बाबांना कळत नाही." याहून नेमकी हिस्ट्री भल्याभल्या एमडींना लिहिता येणार नाही. खिडकीवरचे मामा त्याला मध्येच थांबवतात, "बाटली ठेवा, पावती घ्या, चार दिवसांनी या." आणि सगळी हिस्ट्री पावतीसकट एसटीत बसून गावाला जाते.

मुंगी चावल्याचं कळत नाही, या वाक्याची किंमत तुम्हाला सांगितली पाहिजे. कुष्ठरोगाचा सुरुवातीचा चट्टा मायक्रोस्कोपखाली कमालीचा निरुपद्रवी दिसतो. रक्तवाहिन्यांभोवती, ग्रंथींभोवती थोड्या पेशी. अशा पेशी डास चावल्यावरही जमतात. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ साली कुष्ठरोगाची जी पाच गटांची विभागणी केली, तिच्या उंबऱ्याबाहेरच हा चट्टा रेंगाळत असतो. तिथे मला मज्जातंतू शोधावा लागतो, जास्तीचे काप घ्यावे लागतात, फाइट-फराको रंग देऊन एखादा लाल जंतू सापडतो का ते डोळे ताणून पाहावं लागतं. प्रत्येक तुकड्यावर हे करायला वेळ नसतो आणि पैसाही नसतो. संशय असेल तरच करतात. तो संशय फॉर्मवर पाहिजे. संवेदना आहे की गेली, हे फक्त जिवंत माणसाला शिवूनच कळतं, बाटलीतल्या तुकड्याला विचारून नाही. तळहात-तळपायाची संवेदना बॉलपेनच्या टोकाने तपासायला शिकवतात. म्हणजे तपासणाऱ्याच्या हातात त्या क्षणी पेन असतंच. ते तसंच फॉर्मवर टेकवायचं, एवढंच बाकी राहतं.

२००५ च्या अखेरीस आपण कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, असा होता. पण नव्या डॉक्टरांपैकी काहींनी तो शब्दशः घेतला आणि फॉर्मवरून कुष्ठरोगाचं नावच उतरवलं. ज्या महाराष्ट्रात बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, ज्या मुंबईत वसंत रामजी खानोलकरांनी कुष्ठरोगात मज्जातंतूंचं काय होतं याचा आयुष्यभर पाठपुरावा केला, तिथे चट्ट्याच्या फॉर्मवर 'संवेदना' हा शब्द सापडू नये, याचं मला हसू येत नाही.

असो. आपण पुन्हा हसण्याजोग्या गोष्टींकडे वळू.

संक्षेपांचं एक शास्त्र आहे. 'पीव्ही' असं लिहून येतं. त्याचा एक अर्थ पेम्फिगस व्हल्गॅरिस, अंगभर फोड आणणारा, उपचार नाही झाले तर जीव घेणारा आजार. दुसरा पिटिरियासिस व्हर्सिकलर, म्हणजे पाठीवर येणारं साधं बुरशीचं डागाळणं. तिसरा अर्थ स्त्रीरोगवाल्यांचा आहे. तो इथे अभिप्रेत नसावा अशी आशा. 'एलई' म्हणजे ल्युपस, किंवा लोअर एक्स्ट्रिमिटी. एकदा 'एलई, एलई' असं दोनदा आलं. पायावरचा ल्युपस असावा, किंवा घाई.

दुसऱ्या टोकाला उदार मंडळी असतात. त्यांच्या फॉर्मवर सोरायसिस, एक्झिमा, लायकेन प्लेनस, लेप्रसी, ड्रग रिअ‍ॅक्शन, टिनिया, मायकोसिस फंगॉइडिस अशी सातआठ नावं एकेक प्रश्नचिन्ह घेऊन रांगेत उभी असतात. यांचं धोरण मला फार दूरदृष्टीचं वाटतं. आम्ही काहीही कळवलं तरी ते शांतपणे म्हणू शकतात, "मी लिहिलंच होतं."

पण न सांगितलेल्या उपचारांइतका घोळ कशानेच होत नाही. गुप्तांगावरच्या चामखिळीला पोडोफिलिन लावलं की तिथल्या पेशी विभाजनाच्या मधेच अडकून पडतात. स्लाइडवर पाहावं तिकडे अडकलेल्या पेशी, आणि चित्र थेट कॅन्सरच्या पहिल्या पायरीचं वाटतं. औषध कधी लावलं होतं ते दोन शब्दांत कळलं तर पॅथॉलॉजिस्ट शांत, नाहीतर रोगी ऑपरेशन टेबलावर. तीळ अर्धवट काढून पुन्हा उगवला तर तो मेलानोमाचं सोंग आणतो. आधी एकदा काढला होता हे ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसायचं ठरवलेलं असतं. महिनाभरात टरारून वाढलेली गाठ आणि दोन वर्षांत सावकाश वाढलेली गाठ यांची स्लाइड सारखी दिसू शकते, पण केराटोअ‍ॅकँथोमा आणि स्क्वेमस कॅन्सर यांच्यात रोग्याला फरक पडतो.

आणि ती मेडिकलवाल्याची ट्यूब! स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिघांचं संयुक्त सरकार एका ट्यूबमध्ये नांदत असतं. चिठ्ठी कुणी मागत नाही. "जांघेत खाज येते" एवढं सांगितलं की काउंटरवरून मिळते. गजकर्णाची खाज चार दिवसांत थांबते, कडा पुसल्या जातात, बुरशी आरामात पसरते. त्वचारोगवाले याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात. बायोप्सी येते 'एक्झिमा ?' म्हणून. 'ट्यूब लावत होते' एवढं समजलं तर मी पीएएसचा रंग मागवीन आणि त्या किरमिजी धाग्यांना पकडीन. मायकोसिस फंगॉइडिससारखा त्वचेचा लिम्फोमा तर वर्षानुवर्षं एक्झिमाच्या वेशात वावरतो. त्यात स्टेरॉइडने उरलासुरला पुरावाही धुवून निघतो. बायोप्सीआधी काही आठवडे ट्यूब बंद ठेवावी हे पुस्तकात आहे. पण ट्यूब चालू आहे का हेच ज्याला विचारावंसं वाटलं नाही, तो बंद काय करणार?

फोडांच्या आजारात आणखी एक नाट्य घडतं. तिथे इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळा तुकडा लागतो, फोडाच्या शेजारच्या त्वचेचा, आणि तो मिशेलच्या द्रावणात पाठवायचा. ताबडतोब पोचणार असेल तर सलाइनमध्येही चालतो. फॉर्मॅलिन नाही. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा पडला की त्यावरच्या अँटिबॉडी दिसणं संपलं. वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ साली पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड या फोडांच्या दोन आजारांची ताटातूट केली, ती आपण या बाटलीत पुन्हा जुळवून आणतो. अशा वेळी फॉर्म मात्र भरगच्च असतो. 'इम्युनोफ्लुरोसन्स, अर्जंट', लाल शाईत, खाली दोन रेघा. सगळं बरोबर, फक्त बाटलीत फॉर्मॅलिन.

केस गळण्याच्या बायोप्सीचंही तसंच. डोक्याचा तुकडा उभा न कापता आडवा कापला तर त्यातली सगळी केसांची मुळं एकाच वेळी मोजता येतात. ही पद्धत हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये रूढ केली. पण उभं की आडवं हे कापायच्या आधी ठरवायचं असतं. फॉर्मवर 'स्किन' लिहिलंय, तुकड्यावर केस नाहीत (केस गेले म्हणूनच तर आलाय), तंत्रज्ञ नेहमीप्रमाणे उभा कापतो. मग दुसऱ्या दिवशी फोन : "मॅडम, आडवं नाही का केलंत?"

न लिहिण्याचं समर्थनही तयार असतं. एका रेसिडेंटने मला अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकवलं, "मॅडम, आम्ही मुद्दाम लिहीत नाही. तुमचं मत आधीच कलुषित होऊ नये म्हणून." हा युक्तिवाद पोकळ नाही. स्लाइड आधी कोऱ्या मनाने पाहावी आणि मग फॉर्म वाचावा, असं अ‍ॅकरमनच्या परंपरेतले लोक सांगतात आणि मीही तसंच करते. पण मग वाचायला फॉर्मवर काहीतरी असावं लागतं. लिहायला वेळ नसेल तर रोग्याचा फोटो तरी पाठवावा. फोटोने फायदा होतो याचा पुरावाही आहे. ग्राझच्या लोरेन्झो चेरोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली त्वचेच्या दाहाच्या आजारांत रोग्याचे फोटो पाहण्याआधीची आणि पाहिल्यानंतरची निदानं ताडून पाहिली. फोटोनंतरची जास्त बरोबर निघाली. आपल्याकडे तर प्रत्येक रेसिडेंटच्या खिशात कॅमेरा आहे. मागितला की फोटो येतोही. त्यात निम्मी चादर, एक अंगठा आणि कोपऱ्यात लालसर काहीतरी असतं. तरीही तो 'स्किन लिजन'पेक्षा हजारपट बोलका असतो. रोग्याची परवानगी घ्यावी आणि चेहरा टाळावा, एवढं पथ्य मात्र पाळावं.

आता आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर त्वचारोगवाले हा अंक विकत घेऊन फाडतील. कोऱ्या फॉर्मला आमचं उत्तर ठरलेलं आहे. वरच्या थरात अमुक, खालच्या थरात तमुक, रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट. चांगलं पानभर वर्णन. निदान : 'नॉन-स्पेसिफिक डर्मटायटिस'. आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'क्लिनिकल कोरिलेशन करावे'. म्हणजे त्यांनी विचारलं, काहीतरी आहे का? आम्ही कळवलं, काहीतरी आहे; काय ते तुम्हीच पाहा. कागदोपत्री दोन्ही खात्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं. माझ्या मते यातलं निम्मं 'कोरिलेशन करावे' आमच्या आळसाचं असतं. फोन उचलून विचारता आलं असतं. आणि ज्या ठिकाणी दर आठवड्याला दोन्ही खाती एका टेबलाशी बसून स्लाइड बघतात, तिथे फॉर्म आपोआप भरायला लागतात, कारण कोरा फॉर्म कोणी पाठवला हे सगळ्यांसमोर वाचलं जातं. सर्क्युलरने जे दहा वर्षांत होत नाही ते सिनियरसमोर एकदा ओशाळल्याने होतं.

या सगळ्याचा दंड भरतो कोण? रोगी. नॉन-स्पेसिफिक रिपोर्ट घेऊन तो परत जातो, सर म्हणतात, "परत एक तुकडा घेऊ या." पुन्हा भुलीची सुई, पुन्हा पंच, पुन्हा टाका, पुन्हा चार दिवस रजा, एसटीचं भाडं. त्या दुसऱ्या तुकड्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर पहिल्याचा नंबर नसतो. 'क्लिनिकल माहिती'त या वेळी थोडी भर पडलेली असते : 'रिपीट बायोप्सी'.

तेव्हा वाचकहो, डॉक्टरांना मी सांगून थकले, आता तुम्हालाच विनंती. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या त्वचेचा तुकडा काढला आणि हातात बाटली नि फॉर्म दिला, तर तो तिथेच उभं राहून वाचा. तुकडा शरीरावर कुठून काढला, किती दिवसांपासून आहे, एक आहे की अनेक, तिथे स्पर्श कळतो का, कोणकोणत्या ट्यूबा आणि गोळ्या झाल्या, आधी बायोप्सी झाली होती का आणि डॉक्टरांना कशाचा संशय आहे, एवढं त्यावर असलं पाहिजे. नसेल तर "डॉक्टर, एवढं लिहून देता का?" असं म्हणून पेन पुढे करा. मेडिकलच्या ट्यूबचं रिकामं खोकं घरात असेल तर तेही बाटलीबरोबर पाठवा. आणि खिडकीवरच्या मामांनी मध्येच थांबवलं तर थांबू नका. आतल्या मॅडमना बोलवा म्हणा.